परतीचा पाऊस, पिंपळगावचे भाऊजी आणि सांदण दरी

दसरा झाला की नाशिकमधल्या ट्रेकच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो, "सांदण चालू झाली का?" सांदण म्हणजे भंडारदऱ्याजवळची एक खोल, अरुंद घळ, पावसाळ्यात पाण्याने भरलेली. उत्तर देणारे दोन प्रकारचे. एक "ऑक्टोबर लागला, बिनधास्त जा" म्हणणारे, दुसरे "जानेवारीशिवाय नाव काढू नका" म्हणणारे. दोघंही तारखेवर बोलतात आणि घळीत तारखेला काही किंमत नसते. शेवटचा मोठा पाऊस कधी झाला आणि तळाला पाणी किती उरलंय, एवढंच तिथे विचारायचं असतं. यंदाचा शरद मी नाशिकच्या आसपासच्या नाळा आणि घळी धुंडाळण्यात घालवला. सुरुवात अंजनेरीला आणि शेवट सांदणला. पुढच्या मोसमात ज्यांना याच वाटेने जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

अंजनेरी नवरात्रात केली. नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने वीसेक किलोमीटर, त्यामुळे सकाळी निघून जेवायला घरी. गर्दी हनुमानाच्या दर्शनाची असते, त्यात ट्रेकर थोडेच. माझं लक्ष मात्र मंदिराकडे कमी आणि वर चढणाऱ्या नाळेकडे जास्त होतं. दोन कड्यांच्या मधून पायऱ्या चढतात, वाटेत कोरलेली जैन लेणी लागतात आणि पावसाळा संपून आठवडे झाले तरी भिंतींतून पाणी झिरपत असतं. ओल्या, शेवाळलेल्या काळ्या दगडावर आपले बूट किती धरतात हे तपासायला यापेक्षा सोयीची जागा नाही. पाय घसरला तरी पायरीवरच बसाल. सांदणला जाण्याआधी प्रत्येकाने अशा एखाद्या ठिकाणी बुटांची परीक्षा घ्यावी. माझ्या भाचीचे महागडे रनिंग शूज इथेच नापास झाले आणि तिने त्र्यंबकहून परतताना साधे, जाड रबरी तळव्याचे ट्रेकिंगचे बूट घेतले. पुढे तेच कामाला आले.

अंजनेरीबद्दल आणखी एक सांगते. इथल्या पठारावर कंदीलपुष्पाच्या कुळातली एक जात सापडते, सेरोपेजिया अंजनेरिका. २००६ मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली आणि डोंगराचंच नाव तिला मिळालं. २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. आम्ही गेलो तेव्हा तिचा फुलोरा उलटून गेला होता, सोनकीही पिवळी कमी आणि तपकिरी जास्त झाली होती. तरी रुळलेली वाट सोडून पठारावर पसरून बसू नका. गवतात काय दडलंय ते आपल्याला दिसत नाही.

दुगारवाडीला आम्ही मुद्दामच खाली उतरलो नाही. त्र्यंबकच्या पुढे जव्हार रस्त्याला ती दरी आणि तो धबधबा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे ओढ्याचं पाणी अचानक चढलं, पर्यटक पलीकडे अडकले आणि त्यांना रात्री बाहेर काढावं लागलं. नाशिकमध्ये ती बातमी सगळ्यांनी वाचली, पण त्यातून धडा घेतला तो "दुगारवाडी धोक्याची" एवढाच. खरा धडा असा की दरीत उभ्या असलेल्या माणसाला वरच्या अंगाला काय पडतंय ते दिसत नाही.

फिनिक्सला असलेला माझा चुलतभाऊ ऑक्टोबर लागला की मला ॲरिझोना-युटाच्या वाळवंटातल्या अरुंद घळींचे फोटो पाठवतो. गुळगुळीत, लाटांसारख्या वळलेल्या तांबड्या भिंती. तिकडेही जुलै ते सप्टेंबर पावसाचे, आणि त्यालाही ते मान्सूनच म्हणतात. तो संपला की घळींचा मोसम सुरू. आपल्याला वाटतं वाळवंटात कसला आलाय पूर. पण १२ ऑगस्ट १९९७ रोजी अँटेलोप कॅनियनमध्ये अचानक आलेल्या पुरात ११ जणांचा जीव गेला. पाऊस त्यांच्या डोक्यावर नव्हता, कित्येक मैल लांब वरच्या अंगाला झाला होता. कोरडी, उघडी जमीन पाणी पिऊन घेत नाही, ते सगळं घळीत ओतलं जातं. त्याच भागातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात व्हर्जिन नदीच्या घळीतून पाण्यातच चालत जातात, त्या वाटेला नॅरोज म्हणतात. तिथे नदीचा प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की वाट बंद होते. गंगापूर धरणातून हजारो क्युसेक सोडल्याच्या बातम्या वाचणाऱ्या नाशिककराला हा आकडा किरकोळ वाटेल. अरुंद जागेत तेवढ्याने माणसाचे पाय उचलले जातात.

आपल्याकडे सांदणच्या तोंडाशी असा आकडा मोजणारं कुणी नाही. आपल्याकडे आहेत गावकरी. आणि माझ्यापुरते, पिंपळगावचे भाऊजी.

माझे धाकटे दीर पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग करतात. ऑक्टोबर छाटणी झाल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंत त्या माणसाइतका आभाळाकडे डोळे लावून बसलेला दुसरा माणूस सापडणार नाही. चार ॲप, हवामान खात्याचं बुलेटिन, बागायतदारांचे ग्रुप, सगळं त्यांच्याकडे असतं, कारण फुलोऱ्यातल्या बागेवर एक रात्रीचा पाऊस म्हणजे डावणी रोग आणि गळकूज, घडच हातचे जातात. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड-पिंपळगाव भागात अवकाळी आणि गारपीट झाली, बागा झोपल्या. तेव्हा लोक म्हणत होते, नोव्हेंबर संपत आला, आता कसला पाऊस. म्हणून दिवाळीनंतरचा बेत ठरवताना मी आधी भाऊजींना फोन लावते. पहिल्यांदा लावला तेव्हा त्यांनी सांगितलं, "वहिनी, शुक्रवार-शनिवार नका जाऊ. अरबी समुद्रात काहीतरी शिजतंय, मी फवारणी काढून ठेवलीये." बेत पुढे ढकलला. शुक्रवारी रात्री नाशिकमध्ये चार थेंब पडले, पण सांदणजवळच्या घाटघरकडे चांगला झोडला असं दुसऱ्या दिवशी गावातून कळलं. नाशिक शहर पर्जन्यछायेच्या बाजूला, घाटघर थेट घाटमाथ्यावर. तिथे एका पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या गच्चीवरून तिथल्या आभाळाचा अंदाज बांधू नका.

शेवटी नोव्हेंबरच्या अखेरीस आठवडाभर कोरडं गेलं आणि आम्ही निघालो.

सांदण दरी साम्रद गावाला लागून आहे. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, पण आम्हा नाशिककरांना ती आपलीच वाटते, कारण घोटी ओलांडली की आलंच. मुंबई-आग्रा महामार्गाने घोटी ३५ किलोमीटर, तिथून आत वळून बारी गावावरून शेंडी, म्हणजे भंडारदरा. नाशिकपासून इथवर साधारण ७० किलोमीटर. पुढे धरणाच्या जलाशयाला वळसा घालून साम्रदला जायला दोन बाजू आहेत, एक घाटघरकडून आणि दुसरी रतनवाडीकडून. कोणत्या बाजूचा रस्ता यंदा धड आहे ते शेंडीत चहा पिताना विचारून घ्या, पावसाळ्यानंतर हे दरवर्षी बदलतं. एकूण तीन तास धरा. पेट्रोल आणि रोख पैसे घोटीलाच घ्या. घोटीहून शेंडीपर्यंत काळीपिवळी किंवा एसटी मिळते, पण पुढे साम्रदसाठी गाडी ठरवल्याशिवाय भरवसा नाही. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे नाक्यावर वनविभागाचं शुल्क भरून पावती जपून ठेवा. वाटेत अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांची रांग दिसते, त्यावर लिहायला बसले तर सांदण राहून जाईल.

आम्ही आदल्या संध्याकाळी पोचलो. मुक्काम गावातच, एका घराच्या ओसरीवर आणि अंगणातल्या तंबूत. गावाबाहेर लांब, जलाशयाच्या काठाला तंबू ठोकून देणारेही आहेत, तिथे स्पीकर आणि आकाशकंदील दोन्ही मिळतात. ज्याला त्यातली मजा वाटते त्याने तिकडे जावं. गावातल्या घरी नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि नव्या तांदळाचा वाफाळता भात मिळाला. भाताची झोडणी चालू होती, खळ्यावर पेंढ्यांची उडवी रचलेली, आणि घरातल्या बाईंच्या केसांत भाताचं तूस अडकलेलं. दिवसभर खळ्यावर राबून ती माऊली आमच्या आठ जणांच्या भाकऱ्या थापत होती. जेवणाचे पैसे आधी ठरवा आणि त्यात घासाघीस करू नका. किती माणसं, किती वाजता, हे दोन दिवस आधी फोनवर सांगितलं तर त्यांचीही धावपळ होत नाही. पहाटे थंडी कडाक्याची असते. नाशिकचा स्वेटर पुरेल म्हणणारा माझा नवरा पहाटे चारला चुलीपाशी जाऊन बसला होता.

वाटाड्या गावातलाच घ्या. आमच्याबरोबर आलेल्यांना सगळं गाव मामा म्हणतं, म्हणून आम्हीही. साठीच्या आसपास, पायात प्लास्टिकचे बूट, हातात वेळूची काठी. रात्रीच त्यांनी सगळ्यांना अंगणात उभं करून एकेकाचे बूट पालथे करून तळवे बघितले. दोघांना म्हणाले, "हे घरी ठेवा." माझ्या भाचीचे पास झाले.

आता दरी. साडेसातला निघालो. गावापासून पंधरा-वीस मिनिटांवर माळ संपतो आणि जमीन दुभंगल्यासारखी खाली जाते. तोंडापासून शेवटपर्यंत साधारण दोन किलोमीटर लांब, भिंती दोनशे ते चारशे फूट उंच आणि रुंदी काही ठिकाणी इतकी कमी की दोन्ही हात पसरले तर बोटं दोन्हीकडे टेकतात. डेक्कन ट्रॅपचा हा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांहून जुना. लाव्ह्याचे थरावर थर. त्याला पडलेल्या उभ्या भेगेत पावसाचं पाणी शिरत गेलं आणि भेगेची दरी झाली. चुलतभावाच्या वाळवंटातल्या घळी वालुकाश्मात कोरलेल्या, म्हणून त्या गुळगुळीत आणि वळणाच्या. आपला दगड घासला जाण्याऐवजी ठोकळ्याठोकळ्यांनी सुटतो. त्यामुळे सांदणच्या भिंती सरळसोट आणि तळ धोंड्यांनी भरलेला. मुठीएवढ्यापासून खोलीएवढ्यापर्यंत धोंडे. सपाट चालणं असं नाहीच, चढा-उतरा-बसा-सरका असाच प्रकार. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी या वाक्यावर थांबून विचार करावा.

उतरायला लागताच एक झरा लागतो, गावकरीही तिथलं पाणी पितात. बाटल्या इथेच भरा, झऱ्यात पाय-तोंड धुऊ नका. पुढे पिण्याचं पाणी मिळेल अशा आशेवर राहू नका, कारण पुढे असलेलं पाणी शंभर माणसांच्या पायांतून आलेलं असतं. माणशी दोन लिटर हवंच.

मग पहिलं पाणी. आम्हाला मांडीपर्यंत लागलं. शंभरेक पावलांवर दुसरं, आणि सगळी सांदण अडते ती इथेच. फेब्रुवारीत लोक इथून घोट्याएवढ्या पाण्यातून जातात, ऑक्टोबरमध्ये डोक्यावरून जाईल एवढं असू शकतं. आमच्या वेळी छातीपर्यंत होतं, माझी उंची बेताचीच. मामा आधी उतरले, काठीने डावी-उजवी बाजू चाचपली आणि मध्ये उभे राहिले. "ताई, डाव्या अंगानं या. उजवीकडं खड्डा हाय. आन् पाय दगडावर नगा ठेवू, दोन दगडांच्या मदी ठेवा." पाणी कमरेला लागलं तेव्हा श्वास आत ओढला गेला तो बाहेर यायचं नावच घेईना. तळ दिसत नाही. बुटाच्या टोकाने चाचपायचं, गोल गुळगुळीत धोंडा लागला तर पाय काढून घ्यायचा, खडबडीत भेग लागली की त्यात रुतवायचा, मग दुसरा पाय. उजव्या हाताने भिंत धरावीशी वाटते, पण भिंतीला शेवाळ. मामांची काठी आडवी धरलेली होती, तिचाच आधार. वीस पावलांचं अंतर, पण आठ जणांना पार व्हायला पाऊण तास गेला. सॅक डोक्यावर. मोबाइल, कोरडे कपडे, जेवण यांच्यासाठी भाऊजींनी दिलेल्या खताच्या गोणीतल्या आतल्या जाड प्लास्टिक पिशव्या. तोंड पिळून, दुमडून, रबर लावलं की थेंब आत जात नाही. दुकानातल्या ड्रायबॅगचे पैसे वाचतात.

बूट काढून पाण्यात उतरू नका. काही जण बूट ओले होतील म्हणून गळ्यात अडकवून अनवाणी जातात, तळाचे दगड धारदार आहेत. ओल्या बुटांनीच पुढचं चालायचं आणि परतल्यावर बदलायला चपला गाडीत ठेवायच्या. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या, सुती मोज्यांनी तासाभरात फोड येतात. जीन्स तर अजिबात नको, भिजलेली जीन्स घेऊन धोंडे चढणारा एक मुलगा आमच्या मागच्या ग्रुपमध्ये होता, त्याची दया येत होती.

पाणी पार केल्यावर पुढे भिंतीत एक आडवी भेग आहे, माझ्या डोक्याच्या दोन हात वर. तिच्यात वाळलेलं गवत कोंबल्यासारखं अडकलेलं, करवंदीची काटकी, आणि निळ्या पट्ट्याची एक स्लीपर. मी थांबून बघायला लागले तसे मामा म्हणाले, "आवणीच्या टायमाला हितवर पानी ऱ्हातंय." आवणी म्हणजे भाताची लावणी. नाशिकमध्ये गोदावरीला पूर आला की आपण काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. घळीतला मारुती म्हणजे ही भेग. कुठल्याही दरीत उतरलात की सगळ्यात आधी असा कचरा शोधा: भिंतीत अडकलेलं गवत, झुडपांच्या फांद्यांना गुंडाळलेल्या चिंध्या, धोंड्यांवर वाळलेला गाळ. पाणी किती उंचीवर येऊ शकतं ते कुठल्याही पाटीपेक्षा स्पष्ट लिहिलेलं असतं. तो कचरा ओला दिसला किंवा गाळावर भेगा न पडता तो मऊ लागला, तर पाणी नुकतंच चढून गेलंय, परत फिरा. चालताना पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पानं-काटक्या वाहत आल्या, किंवा वरून सतत घरघर ऐकू आली, तर तोंडाकडे पळत सुटायचं नाही. जवळ जो उंच धोंडा किंवा कडेचा टप्पा असेल त्यावर चढायचं. अरुंद भागात असा टप्पा दर वेळी जवळ असेलच असं नाही, म्हणून जाताना बघून ठेवायचा. मामा ते न सांगताही करत होते. विसाव्याला थांबायचं तर नेहमी उंचावर.

पुढचा रस्ता धोंड्यांचाच. ऊन तळाला दुपारी थोडा वेळ उतरतं. त्या वेळी एकाच भिंतीवर ऊन आणि दुसरीवर काळोख, फोटोवाले तिथे तास घालवतात. बाकी वेळ थंड, ओलसर सावली. वरून दगड पडतात आणि ते बहुतेक वेळा माकडांमुळे, म्हणून भिंतीला चिकटून जेवायला बसू नका आणि हेल्मेट असेल तर घालाच. कड्यांना आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असतात. अत्तर, डिओ, सिगारेट, शिट्ट्या, ड्रोन, सगळं घरी. आमच्या मागे साठ-सत्तर जणांचा एक मोठा ग्रुप होता, त्यातल्या कुणीतरी ब्लूटूथ स्पीकर लावला. मामांनी मागे जाऊन फक्त वर बोट दाखवलं. स्पीकर बंद झाला.

अकराच्या सुमारास पहिल्या कातळकड्याशी पोचलो. इथे दरी उघडते, समोर कोकण पसरलेलं आणि पायाखाली सरळ उतार. पाठीमागे इतका वेळ अंधाऱ्या बोळातून आल्यावर इथला वारा अंगावर येतो. एका दिवसात नाशिकहून येऊन-जाऊन करायचं असेल तर परत फिरायची जागा हीच. मला ती पुरेशी वाटते. परतीला तेच धोंडे, तेच पाणी आणि दमलेले पाय, म्हणून जाताना लागला तेवढाच वेळ येताना धरा. दोनच्या आत दुसरं पाणी ओलांडलेलं बरं.

खाली उतरायचं तर दोरच हवा. पहिलाच टप्पा साधारण पंचेचाळीस फुटांचा, त्यानंतर आणखी छोटे. नवरा आणि भाची उतरणार होते, म्हणून मी तासभर तिथे बसून ते सगळं बघितलं. ज्यांना हे करायचंय त्यांनी पैसे भरण्याआधी आयोजकाला हे विचारावं: दोर दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधता की कातळात ठोकलेल्या एकाच बोल्टला? उतरणाऱ्याला वेगळा सुरक्षेचा दोर लावता का? हेल्मेट प्रत्येकाला आहे की एकमेकांची घालायची? खाली उतरून दोर धरायला एक जाणता माणूस आधी जातो का? एका जाणत्या माणसामागे किती नवखे? उत्तर द्यायला का-कू केली तर दुसरा आयोजक बघा. आमच्याकडच्या मुलाने प्रत्येकाच्या कमरेच्या हार्नेसचा पट्टा स्वतः ओढून बघितला, दोर अडकवायच्या कडीचा, म्हणजे कॅराबिनरचा, स्क्रू फिरवला, मग दुसऱ्याकडून तेच परत तपासून घेतलं. भाची कड्याच्या टोकाला पाठमोरी उभी राहिली तेव्हा तिचे गुडघे थरथरताना मला दिसत होते. "मागे बस, खुर्चीत बसतेस तशी बस," तो शांतपणे सांगत राहिला. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती बसली आणि मग सरसर गेली.

ते दोघं त्या रात्री खाली राहिले आणि दुसऱ्या दिवशी करोली घाटाने वर साम्रदला आले. तो चढ उन्हात चार तास खातो, पाणी भरून घ्या. काही जण वर न येता खाली डेहणेमार्गे आसनगाव गाठतात. मुंबईकरांना ते सोयीचं, नाशिककराची गाडी वर साम्रदला उभी असते, म्हणून आपल्याला घाट चढण्यावाचून गत्यंतर नाही. दरीत आणि खाली मोबाइलला रेंज नाही. घरी आधीच सांगून ठेवा की अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर गावातल्या अमक्याला फोन करा. दुखापत झालीच तर दवाखान्यासाठी राजूर किंवा घोटी गाठावी लागते, आणि त्याआधी माणसाला दरीतून वर आणावं लागतं, हे लक्षात ठेवूनच उड्या मारा. पायाला बांधायची क्रेप बँडेज आणि फक्त संकटात मदत मागायला वाजवायची शिट्टी प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवी.

ते दोघं खाली असताना मी आणि बाकीचे रतनवाडीला जाऊन आलो. अमृतेश्वराचं शिवमंदिर, शेजारी पुष्करणी, मागे रतनगड. वेळ असेल तर घाटघरचा कोकणकडाही करा. मंदिरात एक तास निवांत बसलात तरी पुरे.

परतताना रविवारी संध्याकाळी घोटी टोलनाक्यापाशी मुंबईहून परतणाऱ्या गाड्यांची रांग असते, त्यामुळे शेंडीहून चारच्या आत निघा. घाटघरच्या बाजूच्या रस्त्यावर अंधार पडला की धुकं उतरतं आणि गुरं रस्त्यावर बसलेली असतात. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तमच, कारण दुसऱ्या पाण्यापाशी दोन ग्रुप समोरासमोर आले की थंड पाण्यात ताटकळत उभं राहावं लागतं.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना न्यायचं असेल तर नोव्हेंबर नको. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी बरा, पाणी बरंच उतरलेलं असतं आणि उन्हाचा चटका नसतो. होळीनंतर दगड तापतात. जायच्या आदल्या संध्याकाळी गावात फोन करून दुसरं पाणी कमरेच्या वर आहे की खाली, एवढं विचारा. वर म्हणाले तर मुलांना घेऊन अंजनेरी करा.